पिल्ले एकमेकांना टोचू लागली तर

यंत्रमागाच्या धंद्यात मंदी आली की आपल्या भागात एक सल्ला हमखास ऐकू येतो. कोंबड्या पाळा. भांडवल कमी लागते, जागा घरचीच असते, बायामाणसांनाही हाताला काम मिळते. सल्ला वाईट नाही. आम्ही स्वतःही तो अनेकांना दिलेला आहे. पण सल्ला देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी दोनशे पिल्ले तीन आठवड्यांची होईपर्यंत सांभाळलेली असतात, आणि या धंद्यातले पहिले मोठे नुकसान नेमके त्या तीन-चार आठवड्यांतच होते. रोगाने होते हे सर्वांना माहीत आहे. मानमोडीची, गंबोरोची लस वेळेवर द्यावी हेही आता लोकांना कळते. पिल्ले एकमेकांना टोचून मारतात ही गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही. ती आम्हाला 2022 च्या एप्रिलमध्ये कळली आणि तिची किंमत मोजावी लागली.

आमचा धंदा ग्रे कापडाचा, मालेगावात. 2020 च्या टाळेबंदीनंतर आमच्या भाच्याचे आठ माग बंद पडले ते पुन्हा पुरते चालू झालेच नाहीत. चार माग त्याने विकले आणि कारखान्याचा अर्धा भाग रिकामा झाला. तेथे पिल्ले वाढवून, दोन-अडीच महिन्यांची झाली की विकायची असा बेत ठरला. पैसे आम्ही घातले. सुधारित गावरान जातीची दोनशे पिल्ले, नगास 32 रुपये, एकूण 6400. भाचा आणि भाचेसून दोघेही कष्टाळू. सुताच्या पेट्यांचा पुठ्ठा जोडून त्यांनी सात फूट व्यासाचे गोल कडे केले, वर शंभर वॅटचे चार बल्ब टांगले, दोन खाद्याची भांडी ठेवली. पहिल्या पंधरवड्यात एकही पिल्लू दगावले नाही. त्यामुळे आम्ही सारेच गाफील राहिलो.

अठराव्या दिवशी फजरच्या सुमारास फोन आला. "मामू, चूज्यांनी एकमेकांना खाल्लं!" आम्हाला वाटले मांजर किंवा मुंगूस शिरले असेल. जाऊन पाहिले तर जाळी जागच्या जागी होती. कड्यात अकरा पिल्ले मेलेली. कोणाची शेपटीची जागा उघडी पडून लाल झालेली, कोणाच्या पंखातून रक्त वाहत होते, दोन-तिघांची मागची बाजू पार फाडलेली. आणि उरलेली पिल्ले त्या मेलेल्यांना अजून टोचतच होती. भाचेसून दारात उभी राहून रडत होती. हे कापडाचे नुकसान असते तर आम्ही निमूट सोसले असते, पण तो देखावा वेगळाच होता.

त्या दिवशी जो आला त्याने एक इलाज सांगितला. कोणी म्हणाले जातच वाईट, मांसाची चटक लागली, सगळी विकून टाका. शेजारच्या कारखानदाराने पाण्यात मूठभर मीठ टाकायला सांगितले. दुसऱ्याने चोची कापायला कात्री आणली. आम्ही काहीच ठरवू शकलो नाही आणि दुसऱ्या दिवशी आणखी चौदा गेली.

त्याच दुपारी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी पिल्लू हातात घेण्याआधी वरच्या दोन्ही ट्यूबलाइट बंद केल्या. आम्ही म्हणालो, "डॉक्टरसाहेब, अंधारात दिसणार कसे?" ते म्हणाले, "तुम्हाला दिसतंय तेवढं पिल्लांनाही दिसतंय. तीच तर अडचण आहे."

ही गोष्ट आम्हा कापडवाल्यांना उलटी वाटते. मागावर उजेड कमी असला तर तुटलेला धागा दिसत नाही आणि ठाण खराब निघते, म्हणून मागाच्या खोलीत डोळे दिपतील एवढा उजेड ठेवतात. तोच उजेड पिल्लांवर रात्रंदिवस पडत होता. पिल्लू बोटाने किंवा नाकाने काही तपासत नाही, त्याचे सारे चोचीने चालते. जे चमकेल, हलेल, वेगळ्या रंगाचे दिसेल त्यावर ते एक टोच मारून पाहते. दुसऱ्या आठवड्यापासून पंखांवर आणि शेपटीवर नवी पिसे फुटू लागतात. त्या कोवळ्या पिसांच्या नळीत रक्त असते. एक नळी फुटली की लाल ठिपका दिसतो, आणि लाल ठिपक्यावर दहा चोची येतात. लख्ख उजेडात तो ठिपका कड्याच्या दुसऱ्या टोकाहूनही दिसतो.

पहिले दोन-तीन दिवस उजेड भरपूर हवा, कारण तेव्हा पिल्लाला दाणा आणि पाणी शोधायला शिकायचे असते. त्यानंतर उजेड उतरवत न्यावा. डॉक्टरांनी सांगितलेले माप सोपे आहे: पिल्लाला दाणा दिसावा, पण माणसाला वर्तमानपत्र वाचता येऊ नये. रात्री उबेसाठी बल्ब लागत असेल तर तो लाल घ्यावा. लाल उजेडात सगळेच लालसर दिसते, त्यामुळे रक्त वेगळे उठून दिसत नाही.

मग त्यांनी थर्मामीटर मागितला. तो आमच्याकडे नव्हताच. त्यांनी आपला काढून पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, बल्बच्या खाली धरला. पारा 104 अंश फॅरनहाइटवर गेला, म्हणजे 40 अंश सेल्सियस. पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण 95 अंश फॅरनहाइट ऊब लागते आणि मग दर आठवड्याला पाच अंशांनी कमी करायची असते. तिसऱ्या आठवड्यात 85 पुरते. मालेगावचा एप्रिल, वर पत्र्याचे छप्पर आणि त्यात चार बल्ब दिवसाही चालू! भाच्याला कोणीतरी सांगितले होते की महिनाभर बल्ब बंद करू नका. हा सल्ला थंडीतला. तो त्याने उन्हाळ्यात पाळला. तापलेले पिल्लू बेचैन होते, खाद्य सोडते आणि शेजाऱ्यावर चोच चालवते.

खरे तर थर्मामीटर नसला तरी पिल्ले स्वतः सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. कड्याला चिकटून, चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून बसली असतील तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील तर ठीक चालले आहे. आमची पिल्ले आठवडाभर कड्याला चिकटून बसत होती. आम्ही रोज पाहत होतो आणि म्हणत होतो, किती शहाण्यासारखी रांगेत बसतात.

बल्ब दिवसा बंद केले. खिडक्यांना भिजवलेली पोती लावली, छपरावर उसाचे पाचट टाकले, पाणी दिवसातून चार वेळा बदलू लागलो. पारा 85 वर काही आला नाही, एप्रिलमध्ये येणारही नव्हता, पण पिल्लांच्या चोची मिटल्या.

जागेचा हिशेब डॉक्टरांनी आमच्याकडूनच करवून घेतला. सात फुटी कडे म्हणजे साडेअडतीस चौरस फूट जागा. त्यात दोनशे पिल्ले, म्हणजे चौरस फुटाला पाचाहून अधिक. पहिल्या तीन-चार दिवसांत अशी दाटी चालते, ऊब टिकते. पुढे मात्र कडे दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे वाढवत न्यायचे, म्हणजे दोन-तीन आठवड्यांपर्यंत पिल्लामागे अर्धा चौरस फूट आणि महिनाअखेर एक चौरस फूट जागा मिळते. आमचा अर्धा कारखाना रिकामा होता. फक्त पुठ्ठा सैल करायचे कोणाच्या मनात आले नाही.

खाद्याच्या भांड्यांचेही तसेच. तीन फुटी लांब भांडे दोन्ही बाजू धरून 72 इंच होते, दोन भांडी 144 इंच. तिसऱ्या आठवड्यात पिल्लाला दीड ते दोन इंच जागा लागते. दोनशे पिल्लांना निदान पाच भांडी हवी होती. दोनच असल्याने दांडगी पिल्ले आधी खात आणि दुबळी मागे उभी राहत. मागे उभे राहिलेले पिल्लू काय करणार? पुढच्याचे शेपूट टोचणार.

आता एक गोष्ट सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण व्यापाराच्या पानावर ती सांगितलीच पाहिजे. आठव्या दिवसापासून भाचा पिल्लांच्या खाद्यात निम्मा मक्याचा भरडा मिसळत होता. तयार खाद्य आणि भरडा यांत किलोमागे अठरा रुपयांचा फरक पडत होता. दहा दिवसांत वीस किलो भरडा गेला, म्हणजे बचत 360 रुपये. पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात साधारण 20 टक्के प्रथिने असतात आणि मक्यात नऊच्या आसपास. निम्मे-निम्मे केले की साडेचौदा टक्क्यांवर आले. पिसे प्रथिनांचीच बनतात. ती फुटण्याच्या नेमक्या दिवसांत प्रथिने, मीठ आणि मेथिओनिनसारखे घटक कमी पडले, आणि पिल्ले ती उणीव एकमेकांची पिसे ओढून खाऊन भरू लागली. भाच्याने हे आम्हाला लपवून केले नव्हते. उलट बचतीची वही दाखवली होती आणि आम्ही शाबासकी दिली होती. मेलेल्या 41 पिल्लांची नुसती खरेदीच 1312 रुपये होते. त्यांनी खाल्लेले खाद्य त्यात धरलेले नाही.

पाण्यात मूठभर मीठ टाकण्याच्या सल्ल्यावर डॉक्टर चांगलेच रागावले. खाद्यात मीठ ठरलेल्या प्रमाणात असते, अर्ध्या टक्क्याच्याही आत. पाण्यात अंदाजाने टाकलेल्या मिठाने लहान पिल्लांना विषबाधा होते. जी टोचाटोचीतून वाचली तीही गेली असती.

यात एक वाटा पिल्ले देणाऱ्या एजंटाचाही होता. त्याचे नाव येथे देत नाही. दोनशेतली दीडशे पिल्ले एका दिवसाची आणि पन्नास आठवडाभर मोठी होती. ती त्याने "त्याच भावात मोठी मिळाली, फायदाच झाला" म्हणून गळ्यात मारली. कापडात कट-पीस घालून ठाण पुरे करणारे आम्ही ओळखतो, पण पिल्लांत ओळखू शकलो नाही. या वयात एका आठवड्याचा फरक फार असतो. मोठी पन्नास पिल्ले भांड्यावर मालकासारखी उभी राहत. नंतर लक्ष ठेवून पाहिले तेव्हा त्यांतले दोन कोंबडे सर्वांत आधी टोच मारताना सापडले. त्यांना वेगळे केल्यावर निम्मा दंगा थांबला. नवी-जुनी, लहान-मोठी पिल्ले एकत्र करू नयेत हे रोगाच्या दृष्टीनेही खरे आहे. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा खानदेशातल्या कोंबडीवाल्यांचे काय झाले ते आपल्या लोकांनी जवळून पाहिलेले आहे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर भाचेसून हळूच म्हणाली, "पहिलं पिल्लू मी पाहिलं होतं. त्याच्या पायात धागा होता." कड्यात खाली अंथरायला त्यांनी मागावरचे वाया गेलेले सूत वापरले होते. फुकटचे आणि मऊ. त्याचे धागे पिल्लांच्या बोटांना गुंडाळले जात आणि जसे पिल्लू चाले तसे आवळत. बोट सुजून लाल झाले की दुसरे पिल्लू त्यावर चोच मारी. तिने आदल्या संध्याकाळी असे एक पिल्लू पाहिले होते आणि धागा सकाळी कापू म्हणून ठेवून दिला होता. डॉक्टर जागेवरच थांबले. म्हणाले, "बाई, मी इतका वेळ बोललो, पण सुरुवात कुठून झाली ते तुम्हीच सांगितलंत." आम्ही सूत उचलून टाकले आणि घोटीच्या भातगिरण्यांकडून तूस मागवून दोन-तीन इंचांचा थर दिला. शेंगांची टरफलेही चालतात. ज्यांच्याकडे मागाची खोली रिकामी आहे त्यांनी हे विसरू नये. कोपऱ्यात, सांच्याच्या पायाशी, भिंतीच्या फटीत सूत अडकलेले असते आणि पिल्ले ते बरोबर शोधून काढतात.

रक्त दिसल्यावर पहिल्या तासात काय करायचे तेही सांगतो, कारण त्या तासाचे महत्त्व मोठे आहे. मेलेले पिल्लू क्षणभरही आत ठेवू नये. रक्त आलेले प्रत्येक पिल्लू बाहेर काढून खोक्यात ठेवावे. अगदी एकटे ठेवले तर ते ओरडून जीव देते, म्हणून दोन-तीन जखमी एकत्र ठेवावीत, पण अंधुक जागेत आणि नजर ठेवून. जखम कोमट मीठ-पाण्याने पुसून त्यावर जनावरांच्या दवाखान्यात मिळणारे काळपट मलम लावावे. त्याने लाल रंग झाकला जातो आणि माश्याही बसत नाहीत. जखम पूर्ण सुकून त्यावर पीस येईपर्यंत ते पिल्लू परत सोडू नये. सोडताना रात्री सोडावे आणि एकटे सोडू नये. आम्ही घाई करून एक पिल्लू चौथ्या दिवशी भर दुपारी सोडले. पाच मिनिटांत ते पुन्हा रक्ताळले.

उरलेल्यांच्या चोचींना काम द्यावे. लसूणघासाची जुडी किंवा कोबीची पाने त्यांच्या मानेच्या उंचीवर दोरीने टांगावीत, ती दिवसभर ओढत बसतात. सोबत थोडी बारीक वाळू ठेवावी, नाहीतर पाला पचत नाही. महिनाभराची झाली की वीतभर उंचीवर बांबू बांधावा. दुबळ्या पिल्लाला चढून बसायला तेवढीच जागा होते.

चोच कापण्याचा प्रश्न राहिला. अंड्यांच्या मोठ्या फार्मवर पिल्ले आठवडा-दहा दिवसांची असताना तापलेल्या पात्याने चोचीचे टोक कापतात. ते शिकलेल्या माणसाचे काम आहे. चोचीत नसा असतात, पिल्लाला वेदना होतात आणि चुकीची कापली तर ते नीट खाऊ शकत नाही. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांत याला बंदी आहे. दीड-दोनशे पिल्लांच्या घरगुती धंद्यात याची गरज नाही असे आमचे मत झाले आहे. हजारोंच्या फार्मवाल्यांचे म्हणणे वेगळे असेल. पण कात्रीने तर कधीच नको.

आणि एक. प्रत्येक भांडणाला घाबरू नये. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले समोरासमोर उभी राहतात, छाती फुगवतात, उडी मारून एकमेकांवर आदळतात आणि निघून जातात. त्यात रक्त नसते. कोंबड्यांत कोण वरचा, कोण खालचा हे असेच ठरते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये ही उतरंड अभ्यासून मांडली. त्यांना कोंबड्यांचे वेड लहानपणापासूनचे होते. उतरंड ठरली की भांडणे कमी होतात. म्हणूनच मधेच नवे पिल्लू टाकले की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पीस ओढणे आणि रक्त काढणे हा मात्र निराळा प्रकार आहे, तो आपोआप थांबत नाही.

आमच्या आपाला या सगळ्याचे नवल वाटते. लहानपणी घरी खुडूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसायची, पिल्ले अंगणभर तिच्या मागे फिरायची, आणि कोणी कोणाला मारल्याचे तिला आठवत नाही. बरोबरच आहे. तेथे जागा अंगणाएवढी होती, ऊब आईच्या पंखाखाली अंधारात मिळत होती, आणि काय टोचायचे ते आई स्वतः चोच मारून दाखवत होती. कड्यात हे सगळे आपल्याला करावे लागते.

डॉक्टर येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी नऊ, मग पाच, मग दोन पिल्ले गेली आणि पुढे थांबले. 159 वाचली. पैकी काहींच्या पाठीवर पिसे उशिरा आली म्हणून ती कमी भावात द्यावी लागली. त्या खेपेत नफा झाला नाही, आमचे घातलेले पैसे जेमतेम निघाले. भाचा पुन्हा पिल्ले घ्यायला तयार नव्हता. तयार झाली ती भाचेसून.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये 120 पिल्ले आणली. एकाच दिवसाची, लाल बल्ब, तुसाचा थर, चार भांडी, खाद्यात भेसळ नाही. थर्मामीटर पिल्लांच्या उंचीवर टांगलेला. चार पिल्ले गेली, तीही पहिल्या आठवड्यातल्या थंडीने. बाविसाव्या दिवशी एकाचा पंख रक्ताळलेला दिसला. तिने ते खोक्यात घातले, मलम लावले आणि मगच आम्हाला फोन केला.

आता एप्रिल-मे मध्ये आम्ही पिल्ले घेत नाही. नोव्हेंबरची खेप ठरलेली असते. पेट्या दारातच उघडल्या जातात आणि पंखांची पिसे पाहून सगळी एका वयाची आहेत अशी तिची खात्री झाल्याशिवाय एजंटाला पैसे मिळत नाहीत.